मोटेच्या चपला

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी बोरतळच्या खडीच्या कामावर मस्टर लिहीत होतो. वय तेवीस, गाव रेणापूर, शिक्षण मॅट्रिक, आणि सरकारी कामावर लागायची माझी ही पहिलीच वेळ. बोरतळ उदगीरपासून सहा-सात मैलांवर. लातूर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमचा सगळा मुलूख उस्मानाबादेत मोडायचा. बहात्तरचा मोठा दुष्काळ अजून यायचा होता, पण त्या सालीही पाऊस नुसता शिंपडून गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती आणि दिवाळीतच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. म्हणून सरकारनं रस्त्याचं काम काढलं. दोनशेवर माणसं माळावर बसून दगड फोडायची.

आमच्याकडचा काळा दगड फुटला की त्याच्या कपच्या काचेसारख्या उडतात. त्या जमिनीवर पसरायच्या आणि त्यांच्यावरूनच डोक्यावर खडीची टोपली घेऊन बायकांना ये-जा करावी लागायची. पायाला चिंध्या गुंडाळून यायच्या बिचाऱ्या. दुपारपर्यंत चिंध्यांच्या दशा व्हायच्या. संध्याकाळी मोजमाप घ्यायला मी ढिगाकडं जायचो तेव्हा वाटेवर रक्ताचे सुकलेले ठिपके दिसायचे. पहिले काही दिवस मी ते ओलांडून जायचो. मग ओलांडायचंही सुचेनासं झालं.

पंचफुला आमच्याच बौद्ध समाजातली, तिशीतली बाई. टोपली वाहण्यात तिची बरोबरी कुणी करत नव्हतं. डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली त्याच आठवड्यात एक कपची तिच्या टाचेत खोल शिरली. उदगीरच्या दवाखान्यात नेऊन काढावी लागली. आठव्या दिवशी ती लंगडत पुन्हा कामावर हजर.

"पाय तर बरा होऊ द्यायचा होता," मी म्हणालो.

"घरी बसून काय खाऊ, भाऊ?" तिनं टोपली उचलली. "पायात चप्पल असती तर झालं असतं का हे?"

"मग घे की एक."

"कुठून घेऊ? मल्लम्माला इचारा जाऊन. तिच्याकडं एक खिळा न्हाई."

मल्लम्मा आणि तिचा नवरा सिद्धराम कामाच्या तोंडाशी लिंबाखाली आपली पेटी मांडून बसायचे. दोघंही पन्नाशीच्या आसपास. ढोर समाजातली माणसं. सिद्धरामच्या घराण्याचा मूळ धंदा मोटा शिवायचा. बैलांनी विहिरीतलं पाणी ओढायची ती कातड्याची भली मोठी पिशवी, खाली लांब सोंड असलेली, आता नव्या पोरांना सांगावी लागते. गावोगाव विहिरींवर इंजिनं आली तसं मोटांचं काम कमी झालं आणि ही दोघं चपला-बूट दुरुस्तीकडं वळली. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ, वर पट्टा, आणि तो पक्का करायला बारीक खिळे. अशी चप्पल खडीवरसुद्धा दोन वर्षं हलायची नाही.

पण ते साल वेगळं होतं. पावसाळ्यापासूनच माल कमी येत होता, आणि लढाई लागल्यावर बंदच झाला. मालगाड्या फौजेच्या कामाला लागल्या. चामडं, खिळे, दोरा, सगळं फौजेच्या बुटांना चाललंय असं उदगीरचे दुकानदार सांगायचे. ट्रकवाले टायर टाकेनात, आतली कापडी पट्टी दिसेपर्यंत तेच पळवायचे. मल्लम्मानं जुन्या चपलांचे खिळे उपसून, दगडावर सरळ करून वापरले. तेही संपले.

शेवटी सिद्धराम नांदेडला गेला. एसटीनं कंधारवरून. तिथं मोठी भंगाराची दुकानं आहेत, काहीतरी मिळेल म्हणून. तो नांदेडात असतानाच लढाई संपली. आमच्या कामावर मुकादमाच्या रेडिओवर बातमी आली, लोकांनी हातोडे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मल्लम्माही वाजवत होती. "आता येतंय बघा टायर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सिद्धराम आला. रिकामं पोतं खांद्यावर, अंगात ताप. लिंबाच्या बुडाशी येऊन बसला.

"काय म्हणाले?" मल्लम्मानं विचारलं.

"म्हणाले, लढाई संपली म्हणून काय उद्या मालगाडी येत न्हाई. होळीपर्यंत काही इचारू नका." त्यानं पोतं खाली टाकलं. "पेटी बांध. माझा भाऊ हाय नांदेडात. तिथं हमाली करू, पोट भरंल."

"आणि इथल्या माणसांचं?"

"इथल्या माणसांचं सरकार बघंल. तुझ्या हातात काय हाय? नुसती आरी घेऊन हवेत टाके घालणार हायस का?"

मल्लम्मानं आरी पेटीत ठेवली. पण पेटीही बांधली नाही. सिद्धरामला घरी झोपवून ती दुपारी परत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"साहेब, जरा माझ्यासंगं येता का? सटवाजी पाटलाच्या मळ्यात. मी एकटी गेले तर ऐकायचे न्हाईत. तुम्ही नुसते उभे रहा."

सटवाजीचा मळा कामाला लागूनच होता. विहीर कोरडी पडली होती, बैल त्यानं सासुरवाडीला चाऱ्यावर धाडले होते. इंजिन घ्यायची त्याची ऐपत नव्हती, त्यामुळं मोट अजून होती. गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगलेली, धुळीनं माखलेली. मल्लम्मा सरळ तिच्याखाली जाऊन उभी राहिली आणि हात वर करून तिनं शिवण चाचपली.

"ही माझ्या सासऱ्यानं शिवलेली हाय," ती म्हणाली. "पाटील, ही मला द्या. मी हिच्या चपला करते. कामावरच्या माणसांसाठी."

सटवाजी साठीचा, शांत माणूस. पण त्याचा चेहरा एकदम बदलला. "मोट उतरवू? मल्लम्मा, तोंडाला येईल ते बोलू नकोस. उद्या पाणी लागल्यावर काय ओंजळीनं उपसू?"

"पाणी लागायला अजून पावसाळा यायचाय. तवर हिला ना पाणी, ना तेल. ही बघा, हितं तडकायला लागली. पुढच्या साली खाली काढाल तवा हिचा भुगा होईल, आणि मग तुम्हीच उकिरड्यावर टाकाल. आज दिली तर वीस माणसांच्या पायात जाईल."

"न्हाई म्हणजे न्हाई. ही उतरली म्हणजे विहिरीची आस सोडली असं होतं. माझ्या बापाच्या येळची हाय ती."

मी निघायला वळलो. मल्लम्मा मात्र तिथंच खाली बसली. जायचं नाव काढेना. तेवढ्यात सटवाजीची बायको धुरपताबाई कामावरून आली. पाटलाच्या घरची बाई खडीवर जाते हे गावाला माहीत होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. ती तोंडावर पदर ओढून, दुसऱ्या टोकाच्या टोळीत काम करायची. आम्हाला बघून ती चपापली. मग ओट्यावर टेकून पायाच्या चिंध्या सोडायला लागली. एक चिंधी जखमेला चिकटली होती. तिनं दात आवळून ती ओढली.

सटवाजी बघत होता. मला वाटतं, एवढ्या दिवसांत त्यानं तिचे पाय उजेडात पाहिलेच नव्हते. ती तांबडं फुटायच्या आत जायची आणि अंधारात यायची. त्या दिवशी तिची टोळी लवकर सुटली होती.

"कधीपासून हाय हे?" त्यानं विचारलं.

"समद्यांचेच तसे हायत," धुरपताबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

सटवाजी उठला. शिडी लावली. मोट खाली काढायला त्याला मी मदत केली. "तोंडाचं लोखंडी कडं माझं राहील," तो म्हणाला. "आणि पाणी लागलं की नवी मोट तूच शिवायची."

"शिवीन," मल्लम्मा म्हणाली.

मोट चांगलीच जड होती. मल्लम्माची नजर माझ्या सायकलकडं गेली. "साहेब, मागच्या कॅरिअरवर बांधून घराकडं..."

इथं मला जे झालं ते सांगितलंच पाहिजे. मी मागं सरलो. आमच्या वडलांनी छप्पन सालानंतर मेलेलं जनावर ओढायचं सोडलं. त्यासाठी रेणापुरात आमच्या लोकांना गावानं पाच महिने पिठाची गिरणीसुद्धा बंद केली होती. चामड्याला हात लावायचा नाही, असं वडलांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. मोट काढताना मी धरली होती, ती घाईत. आता सायकलवर बांधून गावातून न्यायची म्हटल्यावर माझे हात उचलेनात.

"मावशी, माझ्या वडलांनी..." मी एवढंच बोललो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. "राहू द्या. कळलं मला," ती म्हणाली, आणि चुंबळ करून तिनं ती मोट डोक्यावर घेतली. मी रिकामी सायकल हातात धरून तिच्याबरोबर गावापर्यंत चालत गेलो.

दुसरी अडचण घरी गेल्यावर कळली. चामडं लाकडासारखं झालं होतं. कातडं कापायची रापी लावली तर घसरायची. ते मऊ करायला दोन-तीन दिवस पाण्यात ठेवावं लागतं, आणि गावात माणशी घागरभर पाणी मिळत नव्हतं. ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून जो झिरा लागला होता तेवढाच गावाचा आधार.

मल्लम्मानं डोकं चालवलं. पाणी नाही तर ओल तरी आहे. तिनं मोटेचे टाके सोडून चार तुकडे केले, आणि झिऱ्याच्या खालच्या अंगाला, शंभर पावलांवर, ओलसर वाळूत पुरून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुकडे बाहेर, दगडावर उन्हात टाकलेले. आणि आप्पासाहेब तिथं उभे. ओढ्याच्या दोन्ही काठांची जमीन त्यांची होती.

"गावाच्या पाण्याशेजारी चामडं पुरतीस?" ते म्हणाले. "विटाळ होतो, कळत न्हाई?"

मी हजेरी आटपून तिकडं गेलो होतो. पाण्यावर आलेल्या बायकाही थांबल्या होत्या. मल्लम्मानं एकेक तुकडा उचलून झटकला.

"आप्पासाहेब, साठ वरसं असल्याच चामड्यानं तुमच्या विहिरीचं पाणी वर आलं. तेच तुमच्या रांजणात गेलं, तेच देव्हाऱ्यात गेलं. तवा विटाळ नव्हता का?"

बायकांमध्ये कुणीतरी पदरात हसलं. आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. "ते मला सांगू नकोस. इथं न्हाई म्हणजे न्हाई."

"बरं," ती म्हणाली. वाद वाढवला नाही. तुकडे पाठीवर टाकून ती ओढ्यानं खाली चालू लागली. वळण ओलांडून पार खाली, जिथं आप्पासाहेबांची जमीन संपून सरकारी गायरान लागतं तिथं थांबली आणि हातानंच वाळू उकरायला लागली. कोरडी. दुसरीकडं उकरलं. तीही कोरडी. तिची नखं तुटली तरी ती थांबेना.

मी कामावर परत गेलो. स्टोअरच्या पेटीतून एक फावडं घेतलं, चार रिकामी सिमेंटची पोती घेतली आणि ओढ्यात उतरलो. वाटेत वडलांचा विचार केला. त्यांनी जे सोडलं ते गावानं त्यांच्या गळ्यात बांधलेलं काम होतं, नाही म्हणायची सोय नसलेलं. मला इथं कुणी जबरदस्ती केली नव्हती. पंचफुलाची टाच माझ्या डोळ्यांपुढं होती, एवढंच. मी खणायला लागलो. तिसऱ्या खड्ड्यात, कमरेएवढं खाली गेल्यावर, वाळूचा रंग बदलला. हातात घेतली तर मुठीत गोळा झाला.

"साहेब, आता तुमचा हात लागला बरं का," मल्लम्मा म्हणाली.

"लागू द्या, मावशी."

चामडं पोत्यांत गुंडाळून आम्ही खाली घातलं आणि वर वाळू लोटली. तीन दिवस तिनं तिथं राखण केली. जेवण सिद्धराम आणून द्यायचा. त्याचा ताप उतरला होता, पण तो रुसलेला होता. भाकरी ठेवायचा आणि लगेच परत जायचा. चौथ्या दिवशी काढलं तर तुकडे वाकायला लागले होते. करंजीचं तेल चोळून मल्लम्मानं ते लिंबाखाली पसरले आणि पहिला तळ कापला.

खिळे नव्हतेच. तिनं मोटेच्या सोंडेच्या पातळ चामड्याच्या लांब वाद्या कापल्या आणि मोट शिवतात तशी चप्पल शिवायला घेतली. आरीनं भोक, त्यातून वादी, दोन्ही बाजूंनी ओढ. पहिल्या जोडीला सगळी सकाळ गेली. सिद्धराम पाठ करून बसला होता, पण तिरक्या नजरेनं बघत होता. दुपारी त्याच्यानं राहवेना.

"टाका सैल पडला तुझा," तो म्हणाला.

"मग आवळा की."

"बापानं मला आवळायला शिकवलं, तुला न्हाई." त्यानं तिच्या हातातून आरी घेतली, तळ गुडघ्यांत धरला, आणि वादी दातांत पकडून अशी काही ओढली की टाका चामड्यात बुडाला. मग तो उठलाच नाही. नांदेडचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही.

पहिली जोडी पंचफुलाला दिली. तिनं पायात घातली, दोन पावलं चालली आणि तोंड वाकडं केलं. "यव्वा, किती चावायलीय गं ही!"

"चार दिवस चावंल. तेल लाव. मग पायाची होईल."

पंचफुला खडीच्या ढिगावर चढली. खालून सगळी बघत होती. वर जाऊन तिनं दोन्ही पाय जोरानं आपटले, एकदा, दोनदा, आणि पुन्हा आपटले. कपच्या चुरचुरल्या. खाली येऊन तिनं टोपली उचलली आणि पूर्वीच्याच चालीनं कामाला लागली. त्या दिवशी लिंबाखाली बायकांची रांग लागली.

सटवाजीच्या मोटेतून एकोणीस जोड्या निघाल्या. दुसरी जोडी धुरपताबाईची. मग लोक आपापल्या गोठ्यात बघायला लागले. कुणी फाटकी मोट आणली, कुणी बैलाच्या जुन्या सरंजामाचे पट्टे आणले. शेजारच्या गावचा एक म्हातारा नुसती सोंडच घेऊन आला. संक्रांतीपर्यंत नऊ मोटा जमा झाल्या. चामडं ओलवायचा खड्डा आता माणसं पाळीपाळीनं राखायची. आप्पासाहेबांनी आपली मोट दिली नाही. पण माघात त्यांच्या बुटाचा तळ सुटला, उदगीरला दोन खेपा करून दुरुस्त झाला नाही, तेव्हा त्यांनी तो गड्याच्या हाती लिंबाखाली पाठवला. सिद्धराम लगेच हातात घ्यायला निघाला होता.

"खाली ठेवा," मल्लम्मा म्हणाली. "त्याच्या आधी सात जोड्या हायत. खडीवाल्यांच्या." बूट दोन दिवस थांबला. मग तिनं तोही नीट शिवून दिला, वादीनंच.

मलाही किंमत पडली. ओव्हरसिअर तपासणीला आला तेव्हा फावडं झिजलेलं आणि चार पोती कमी. त्यानं लेखी खुलासा मागितला. मी खरं होतं ते लिहिलं, की मजुरांचे पाय फाटत होते म्हणून चामडं ओलवायला वापरली. वर हेही लिहिलं की पायाच्या जखमांनी होणाऱ्या गैरहजेऱ्या डिसेंबरात किती होत्या आणि जानेवारीत किती राहिल्या. ओव्हरसिअरनं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पोत्यांची किंमत पगारातून कापायचा शेरा मारला. दुसऱ्या पानावर मात्र पुढच्या कामाच्या सामानाच्या यादीत त्यानं स्वतःच्या हातानं 'रिकामी पोती, वीस' असं वाढवलं.

टायर होळीनंतर आले, थोडे, महाग. तोवर पुन्हा पावसाची वाट बघायचे दिवस आले होते, आणि तो पाऊस कसा आला नाही ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मी वडलांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "खड्डा किती खोल गेला?" मी कमरेला हात लावून दाखवलं. "लई खणलास," ते म्हणाले. त्यापुढं तो विषय आमच्यात निघाला नाही.

दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली नव्या कचेरीत झाली. फायली उस्मानाबादेहून ट्रकनं येत होत्या, खुर्च्या कमी पडत होत्या, रंगाचा वास भिंतींतून जात नव्हता. एका दुपारी चहाला बाहेर पडलो तर फाटकाशेजारी मल्लम्मा. केस सगळे पांढरे. सिद्धराम दोन वर्षांपूर्वी वारला होता. एक हवालदार तिला पेटी हलवायला सांगत होता. मोठे साहेब येणार होते.

"हलवते की," ती म्हणत होती. "साहेब आले की हलवीन, गेले की परत मांडीन. हितं रोज हजार माणसं चालत येतात, कुणाच्या ना कुणाच्या चपलेचा अंगठा तुटतोच. मी दूर जाऊन बसले तर ते काय अनवाणी येतील?"

मी मध्ये पडणार होतो, पण गरज लागली नाही. हवालदारानं एक पाय पुढं केला होता आणि ती त्याच्या चपलेचा पट्टा ओढून बघत होती.